अक्षता, कोपर आणि हातांची भाषा

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह लागतो त्या संमती कट्ट्यासमोर उभं राहिलं की अक्षता कधी टाकायच्या हे कान सांगतात. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ असा घोष झाला की हजारो हात एकदम वर जातात. गेल्या यात्रेत माझ्यापुढे एक कर्णबधिर जोडपं होतं. बाईची मूठ तांदळानं भरलेली आणि नजर कट्ट्याकडे नसून शेजाऱ्याच्या कोपरावर. कोपर हललं, मूठ उघडली. जराही उशीर नाही.

धर्मानं बहिऱ्यांसाठी काय केलं हे शोधू लागलो, तर पहिल्यांदा नकारच हाती लागतो. जन्मतः बहिऱ्या-मुक्याला खाऊपिऊ घाला, पण वडिलार्जित इस्टेटीत वाटा नको, असं आपलं धर्मशास्त्र सांगत होतं. इंग्रजांच्या कोर्टातही ते चाललं. हा अडसर कायद्यानं निघाला तो १९२८ मध्ये.

शाळा काढल्या त्या बहुतेक धर्माच्याच माणसांनी. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूला दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना धर्मशिक्षण द्यायचं तर कसं, या पेचातून त्यानं हातांच्या खुणांतून शिकवायला सुरुवात केली. पुढे १८८० मध्ये मिलान इथं शिक्षकांची परिषद भरली आणि ठरलं की खुणा बंद, मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानं बोलायचं. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते, हे विसरता येत नाही.

आपल्याकडची पहिली शाळा नेमकी त्याच सुमाराची. मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी ती १८८५ मध्ये सुरू केली. त्यानंतर कलकत्त्यात १८९३ मध्ये आणि तिकडे तमिळ मुलखातल्या पाळयंकोट्टैला मिशनच्या फ्लॉरेन्स स्वेन्सन यांनी. जागा, वसतिगृह, देणग्या हे सगळं श्रद्धेच्या बळावर उभं राहत गेलं. वर्गात मात्र बरीच वर्षं भर बोलायला लावण्यावरच राहिला. गंमत अशी की बहिऱ्यांची भाषा वाढली ती त्याच छपरांखाली, दिवे मालवायच्या आधी, वसतिगृहाच्या खाटांवर.

सोलापुरात ओठ वाचणं म्हणजे तिहेरी शिक्षा. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात आई तेलुगू बोलते, गल्लीत कन्नड कानावर पडते (म्हणजे ज्यांच्या कानावर पडते त्यांच्या), आणि शाळेत मराठी. एकाच ‘पाण्या’साठी ओठांचे तीन आकार. खूण एकच. यंत्रमागाच्या कारखान्यात जाऊन पाहा. त्या खडखडाटात ऐकू येणाराही हातानंच सांगतो, ताणा तुटला, धोटा बघ, चहा आला. तिथं बहिरा कामगार कुणापेक्षा कमी नसतो.

सरकारी मान्यता उशिरा आली. भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये निघालं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सांकेतिक भाषेला संवादाच्या साधनांत धरलं आणि २०२१ पर्यंत तिच्या शब्दकोशात १०,००० शब्द जमले. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले ५० लाखांवर भरले होते, त्या मानानं दुभाषे आजही मोजकेच.

माझ्या मते धर्मादाय कामातला खरा बदल देणग्यांच्या आकड्यांत दिसणार नाही. २०२४ मध्ये केरळात त्रिशूरला जोसेफ थेर्मदम या कर्णबधिर तरुणाला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची त्यांच्यातलाच एकजण आता वेदीवर उभा राहून हातांनी प्रार्थना करतो.

आपल्या कट्ट्यावर दुभाषा उभा करायला फार तर दोन बाय दोनची फळी लागेल. तोवर ती बाई शेजाऱ्याच्या कोपरावर नजर ठेवून आहे.