वास कुबट की आंबट?

माळ्यावरची ट्रंक उघडली की चादरींच्या घड्यांखालून निगेटिव्हची पाकिटं निघतात. कुणीतरी नाक मुरडतं, ‘बुरशी लागली वाटतं.’ सोलापुरात हे निदान बऱ्याचदा चुकतं, कारण इथली हवा बुरशीपेक्षा दुसऱ्याच एका रोगाला पोसणारी आहे. दोन्हींत फिल्म खराब होते, दोन्हींत वास येतो, म्हणून गल्लत होते.

बुरशीचा वास कुबट, पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखा. हवेतला ओलावा 65-70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की ती फिल्मवरच्या जिलेटिनवर, म्हणजे चित्र धरून ठेवणाऱ्या थरावर, वाढते. उजेडात तिरकं धरून पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा पांढरट ठिपके दिसतात. कोकणात हे घरोघरी दिसतं. आपल्याकडे भिंतीला ओल असेल तरच ही भीती.

आंबट वास मात्र व्हिनेगरचा, आणि तो खरोखर व्हिनेगरमधल्याच आम्लाचा असतो. ‘सेफ्टी’ असं काठावर छापलेली फिल्म बहुधा सेल्युलोज अॅसिटेट या प्लास्टिकची असते. उष्णतेने आणि दमटपणाने तिच्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं, तेच आम्ल पुढची झीज आणखी वेगाने घडवतं, आणि त्याची वाफ शेजारच्या पाकिटालाही बाधते. फिल्मचा प्लास्टिकचा पाया आक्रसतो, वरचं जिलेटिन आक्रसत नाही, मग चित्रावर शिरांसारखे उंचवटे उठतात. 21 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असली तर नव्या फिल्मला हा वास धरायला साधारण 40 वर्षं लागतात, असा अंदाज आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर 21 अंश कुठले! म्हणून 1970 सालच्या लग्नाच्या निगेटिव्हना आता आंबूस वास येतो, यात नवल नाही.

उपायात चूक केली तर नुकसान वाढतं. बुरशीच्या भीतीने लोक सगळं हवाबंद डब्यात कोंबतात. कोरडेपणा दोन्ही प्रकारच्या फिल्मना मानवतो, पण आंबलेली फिल्म खोलीच्या उष्णतेत कोंडली की आम्ल आतच साचतं. तिला वेगळ्या, कागदी पाकिटात ठेवा. पीव्हीसीचे कप्पे नकोत, डांबरगोळ्याही नकोत. झालेली झीज भरून येत नाही, म्हणून स्कॅनिंग आधी याच फिल्मचं करा. उलट बुरशी लागलेली फिल्म आधी सुकवा, मग मऊ ब्रशने घराबाहेर झटका, तोंडाला मास्क लावून. पाण्याने धुऊ नका: बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र ब्रशला लागून येतं.

एक अपवाद. 1950 च्या सुमाराच्या आधीची, ‘सेफ्टी’ न छापलेली, पिवळट-तपकिरी, चिकट झालेली फिल्म नायट्रेट या जुन्या प्लास्टिकची असू शकते. ती भडकन पेटते. काडी लावून पाहू नका, इतरांपासून दूर ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

स्कॅन झालं की अॅसिटेट फिल्म कागदी पाकिटासकट दोन झिप पिशव्यांत, हवा दाबून काढून, फ्रीजरमध्ये ठेवता येते. थंडीत झीजच इतकी मंदावते की आम्ल कोंडण्याची चिंता उरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर दव धरेल. आणि पिशवीवर ठळक अक्षरांत लिहा. फ्रीजर साफ करणाऱ्याला ती वाळवणाची पुडीच वाटते.