लोकगीतांतील गूढार्थ (ठाणे–नवी मुंबई परिसर)

लोकगीताच्या शब्दांमागचा, वरवर ऐकताना न कळणारा अर्थ म्हणजे त्याचा गूढार्थ. ठाणे–नवी मुंबईच्या खाडीकाठी आगरी-कोळ्यांची गाणी आहेत, शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात ठाकूर, कातकरी, वारली यांची, आणि शहरात घाटावरून येऊन स्थायिक झालेल्या घरांतली भोंडल्याची गाणी व जात्यावरच्या ओव्या. या सगळ्या गाण्यांना अर्थ लावण्याची एकच किल्ली चालत नाही.

मराठी श्रोत्याला रूपकाची सवय लावली ती भारुडांनी. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि तो काम-क्रोधाचा आहे हे भारूडच सांगून टाकते. किल्ली कुलपालाच लावलेली असते. त्या सवयीने आपण प्रत्येक लोकगीतात अध्यात्म शोधू लागतो आणि तिथेच बहुतेक वेळा चुकतो. लग्नात, शेतात, जात्यावर गायली जाणारी गाणी आपली किल्ली सांगत नाहीत. ती प्रसंगात असते: कोण गाते, कोणासमोर गाते, गाताना हात काय करत असतात.

नौपाड्यापासून नेरूळपर्यंतच्या सोसायट्यांत नवरात्रात हत्तीचे चित्र मधे ठेवून भोंडला होतो, आणि त्यात कारल्याच्या वेलाचे गाणे हमखास असते. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव, मग जा. वेल लावला की कारले येऊ दे, मग जा. पुढे भाजी, जेवण, उष्टी-खरकटी. कारले म्हणजे सासरचा कडूपणा, असा अर्थ पटकन सांगितला जातो. तो चूक नाही, पण उथळ आहे. कारल्याचे बी टोकल्यापासून फळ हाती यायला दीड-दोन महिने लागतात. हे ज्या मुलींना परसातून ठाऊक होते, त्यांना पहिल्याच अटीत माहेरपण किती लांबले ते कळत होते. गाण्याचे सगळे वजन ‘मग’ या एका शब्दावर आहे. नकार कुठेच नाही, फक्त प्रत्येक होकारापुढे एक काम आहे.

तेरड्याचेही असेच आहे. आगरी, कोळी आणि सीकेपी घरांत तेरड्याच्या रोपांची गौर बसते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण क्षणभंगुर गोष्टीसाठी वापरतो. पण आवाहन, पूजन, विसर्जन असा गौरीचा मुक्कामही तीनच दिवसांचा, आणि गौर म्हणजे माहेरवाशीण. म्हण आणि सण शेजारी ठेवले की गौरीच्या गाण्यांतली आनंदाची ओळसुद्धा घाईने जगलेल्या माहेरपणाची वाटू लागते.

काही अर्थ मात्र कोणी लपवलेले नसतात. ज्या कामातून शब्द आला ते काम गेले की साधा शब्द गूढ होतो, आणि या परिसरात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे व रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. भातखाचरे, खाजणे, मिठागरे यांच्याबरोबर त्यांची बोलीही मागे सरली. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध फुटून पडलेले भगदाड म्हणजे ‘खांड’. शहरी कानाला तो शब्द साखरेचा वाटतो किंवा तुकड्याचा. शेतकऱ्याला त्यात पुढच्या पिकांवर पाणी पडल्याची बातमी ऐकू येते. ‘उघाडी’ म्हणजे बांधातले पाणी सोडायचे दार. ‘भांग’ म्हटले की आपल्याला केसांतला भांग आठवतो आणि सौभाग्याचा अर्थ तयार होतो. कोळ्यांच्या बोलीत भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी. डोलीचे जाळे पाण्याच्या ओढीवर चालते, ओढ नसली की मासळी नाही. म्हणजे भांगाचे दिवस हे घरात हात रिकामे असण्याचे दिवस. उधाण आणि भांग यांतला फरक न समजता कोळीगीताचा अर्थ सांगू नये, असे माझे ठाम मत आहे.

आगरी लग्नातला धवला हा या परिसराचा सर्वांत मौल्यवान ठेवा. धवलारीण लग्नाचा एकेक विधी गात पुढे नेते. तिथे पुरोहिताचे काम बाई करते. शब्द जुना आहे: तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रचलेली लग्नगीतेही ‘धवळे’च म्हणवतात. वारल्यांतही लग्न लावणारी बाई धवलेरीच. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि गाणे त्या चौकाशी बांधलेले असते. चौकाशिवाय नुसते शब्द उतरवले तर अर्धा अर्थ भिंतीवरच राहतो. हळदीच्या रात्री विहिणीला डिवचणाऱ्या गाण्यांतला चावट दुसरा अर्थ मात्र गाणाऱ्यांनी जाणूनबुजून ठेवलेला असतो आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीला तो कळतो. संकोचाने तो झाकणे म्हणजे त्या बायकांची हुशारी पुसणे होय.

अर्थ लादण्याचा मोहही मोठा. खाडीकाठचे आगरी-कोळी लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या एकवीरेला आई म्हणतात. तिचे देऊळ लेण्यांच्या दारात आहे आणि त्या लेण्यांच्या शिलालेखांत सोपारा या जुन्या बंदरातल्या दात्याचा उल्लेख आहे. म्हणून एकवीरेची गाणी ही बंदरापासून बोरघाटापर्यंतच्या प्राचीन व्यापारी वाटेची आठवण, असे म्हणावेसे वाटते. कल्पना सुंदर आहे. पण शिलालेख वाटेविषयी बोलतो. गाणे डोंगर चढताना लागणाऱ्या दमाविषयी आणि वर भेटणाऱ्या आईविषयी बोलते. पहिल्याचा पुरावा दुसऱ्यावर चिकटवता येत नाही.

जात्यावरच्या ओव्यांबाबत गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी घालून दिलेली रीत इथेही उपयोगी पडते. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले. गाणारी कळली की ओवीतला ‘भाऊ’ कधी खरा भाऊ असतो, कधी देव, कधी नुसता आधाराचा शब्द, हे ठरवता येते.

प्रश्न विचारण्याचीही एक पद्धत आहे. म्हातारीला ‘या ओळीचा अर्थ काय, आजी?’ असे विचारले तर ती बहुधा ओळ पुन्हा म्हणून दाखवते. ‘खांड कशी पडायची?’ असे विचारले तर ती जमिनीवर हाताने बांध आखते, पाणी कुठून आत यायचे ते बोटाने दाखवते, आणि त्या रात्री गावातले कोण कोण माती घेऊन धावले ते सांगू लागते.