लोककथा-हस्तकला अध्यापन (खानदेश)

लोककथा सांगता सांगता तिच्यातली वस्तू मुलांच्या हातून घडवून घेण्याची प्राथमिक वर्गातील पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तिला सणावारांचा आयता आधार आहे. पोळ्याला मातीचे बैल होतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघरी गुलाबाईची (पार्वतीचे लोकरूप) मूर्ती बसते, शेजारी गुलोजी (शंकर). हातांनी काम करत शिकण्याच्या विचाराला १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नई तालीममुळे, म्हणजे गांधीजींच्या उद्योगाधारित शिक्षणाच्या योजनेमुळे, बळ मिळाले. पुढे शाळांत कार्यानुभव हा विषय आला. पण भाषेची तासिका वेगळी राहिल्याने गोष्ट एकीकडे आणि कागदकाम दुसरीकडे, अशी फारकत झाली.

पद्धतीचे मर्म कळते ते चिऊ-काऊच्या गोष्टीत. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. मुलांनी शेणमातीचे एक आणि शिक्षकांनी वितळवून दिलेल्या मेणाचे एक, अशी दोन घरे करायची आणि दोन्हींवर झारीने पाणी सोडायचे. शेणाचे घर का वाहून गेले, हे मग कोणी समजावून द्यावे लागत नाही. खरी मजा पुढे आहे. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तीच घरे उन्हात ठेवली तर मेणाचे मऊ पडून वाकते, शेणाचे वाळून टणक होते. आता कोणी कोणाचे दार वाजवायचे? गोष्टीचा उत्तरार्ध मुलांनीच रचायचा, हवा तर अहिराणी या खानदेशी बोलीत. पुस्तकी मराठीत गप्प बसणारे मूल हातात बाहुली आली की घरच्या बोलीत बोलू लागते, म्हणून पात्रांच्या बाहुल्या आधी करून घेणे सोयीचे.

साहित्य हंगामाप्रमाणे बदलते: ज्वारीची धांडे बैलगाडीला, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) झोपडीला, रावेर-यावलकडे केळीचे सोपट (खोडाची वाळलेली साल) दोऱ्याला. काळी माती वाळताना तडकते; तिच्यात भुसा किंवा राख मिसळावी. दुकानातून थर्माकोल आणून पालकांकडून करून घेतलेला ‘प्रकल्प’ या पद्धतीत बसत नाही. तो प्रदर्शनात शोभतो, एवढेच.

सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात थोडे जपून जावे लागते. होळीत बावा-बुध्या होणारे लोक मोरपिसांच्या उंच बांबूच्या टोप्या घालतात, कमरेला भोपळे बांधतात. ते नवसाचे व्रत असते आणि त्याचे नेमही कडक असतात. त्यामुळे वर्गात कागदी टोपी करण्याआधी गावातील जाणत्यांना शाळेत बोलावून होळीची कथा त्यांच्या तोंडून ऐकावी आणि टोपी करावी की नाही, हेही त्यांनाच विचारावे.

मूल्यमापनात वस्तूच्या सुबकपणाला फारसे गुण नसावेत. वाकडा बैल चालतो. तो कथेत काय करतो, हे मुलाला सांगता आले पाहिजे.