कॉलेज फुटबॉलमधले ‘स्टार’ खरंच निरर्थक आहेत का?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: शाळकरी खेळाडूंना कॉलेजभरतीआधी मानांकन करणाऱ्या संकेतस्थळांकडून मिळणारे स्टार (जास्तीत जास्त पाच) निरर्थक, कारण एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, दोन-तीन स्टारवालेच जास्त दिसतात. दिसतात हे खरं. पण दरवर्षी पाच स्टार मिळतात जेमतेम तीसेक मुलांना, आणि तीन स्टारवाले असतात हजाराच्या वर. प्रमाण काढलं, तर ड्राफ्टपर्यंत (एनएफएलचे संघ कॉलेजमधले खेळाडू क्रमाने निवडतात तिथवर) पोचण्यात पाच स्टारवाले कितीतरी पुढे आहेत.

मग स्टार देताना चूक होते कुठे? माझ्या मते, सतराव्या वर्षीचं शरीर अंतिम मानण्यात. एनएफएलमधला जॉश ॲलन घ्या. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या छोट्या गावातला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू. शाळेत असताना सडपातळ, शिवाय बास्केटबॉल आणि बेसबॉलही खेळणारा, त्यामुळे नुसत्या फुटबॉलच्या शिबिरांत फारसा न दिसलेला. एकाही मोठ्या कॉलेजने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात त्याची उंची-वजन वाढलं. तिथून त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवले, आणि अखेर वायोमिंग विद्यापीठाने घेतलं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला. एनएफएल गाजवलेला बचावपटू जे. जे. वॉटही दोन स्टारचाच. तो विस्कॉन्सिन विद्यापीठात शिष्यवृत्तीविना गेला आणि तिथे बचावफळीत घडला.

दुसरं कारण कमी बोललं जातं. एका बड्या कॉलेजने ऑफर दिली की बाकीचेही त्याच मुलामागे धावतात, त्याचे स्टारही वाढतात. आडगावच्या मुलाचा व्हिडिओ मात्र कुणी उघडतच नाही.