ढेकर निघाला का?

मे महिन्यातली नागपूरची दुपार. महाल भागातल्या घरात कूलरची घरघर, आणि भाचीच्या खांद्यावर सव्वा महिन्याचं बाळ. दूध पिऊन पंधरा मिनिटं झाली, तरी ढेकर नाही. आजी बजावते, "ढेकर निघाल्याबिगर निजवू नको वं." भाची रडकुंडीला आलेली.

बाळ दूध ओढताना हवाही गिळतं, रडतानाही गिळतं. नुसतं बोंडच तोंडात धरलं असेल किंवा बाटलीचं निपल दुधाने भरलेलं नसेल, तर जरा जास्तच. ही हवा दुधावर तरंगते. पण अन्ननलिका जठराला पाठीकडच्या बाजूने मिळते. बाळ उताणं असलं की ते दार दुधाखाली बुडतं आणि हवा पुढे, पोटाच्या बाजूला अडकते. उभं धरलं की दूध खाली बसतं, बुडबुडा दारापाशी येतो, तिथली झडप क्षणभर सैलावते आणि ढेकर येतो. म्हणजे खरं काम उभं धरण्याचं, थापटण्याचं नाही. मांडीवर बसवा, हनुवटी तळव्यात अलगद धरा (गळ्यावर दाब नको), किंचित पुढे झुकवा आणि पाठीवरून हलका हात फिरवा. एवढं पुरतं.

आणि नाहीच आला तर? चंदीगडच्या 71 आई-बाळांवरचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ढेकर काढल्याने पोटशूळाचं रडणं कमी झालं नाही, उलट दूध बाहेर टाकणं वाढलं. अभ्यास लहान आहे, पण दमलेल्या आईला दिलासा देणारा आहे. पाच-दहा मिनिटं धरावं आणि बाळाला उताणं निजवावं. तसंही रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. प्रत्येक रडण्यामागे गुबारा नसतो.

आजीचा जीव तुटतो, हे मला कळतं. पण सहा महिन्यांपर्यंत घुटी नको, ग्राइप वॉटर नको, नागपूरच्या उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मध तर वर्षभर नाहीच, त्यातून बोट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. हिरवी उलटी, टम्म कडक पोट, ताप किंवा दूध सोडणं दिसलं, तर ढेकराची वाट न पाहता तडक डॉक्टरांकडे जा.

भाचीने शेवटी बाळाला निजवलं. वीस मिनिटांनी ते कुरकुरलं. उचलून खांद्यावर घेताच मोठ्ठा ढेकर आला, आणि चमचाभर दूध तिच्या ओढणीवर.