एक टन म्हणजे बर्फाच्या किती लाद्या?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पतसंस्थेला सर्व्हर ठेवायला खोली हवी होती. जुन्या दप्तराची दहा बाय बाराची खोली रिकामी केली. एसीवाला दारातूनच आत डोकावून म्हणाला, "एक टन बास झाला." आत काय ठेवणार, हे त्याने विचारलंच नाही.

माणसं बसणार असतील तर खोलीच्या मापावरून काढलेला अंदाज बहुधा चालून जातो. सर्व्हरच्या खोलीत उष्णता आतच तयार होते. सर्व्हर ना काही उचलतो, ना ढकलतो. घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ४०० वॅट खाणारा सर्व्हर म्हणजे ४०० वॅटचा हीटरच, फक्त व्याजही मोजणारा! म्हणून टेप बाजूला ठेवून वॅट मोजायचे, आणि तेही यूपीएसच्या, म्हणजे लाइट गेली की बॅटरीवर वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर. सर्व्हरच्या पाटीवरचा आकडा कमाल क्षमतेचा असतो.

इथे पाच सर्व्हर मिळून २,००० वॅट, संगणक एकमेकांना जोडणारे नेटवर्क स्विच आणि माहिती साठवणारं स्टोरेज ६०० वॅट. यूपीएस स्वतः सुमारे ३०० वॅट उष्णतेत घालवतो. दिवा आणि अधूनमधून आत येणारा माणूस धरून गोळाबेरीज तीन किलोवॅटच्या आसपास.

आता टन. वीज येण्याआधी गारवा बर्फाचा होता आणि मोजमापही त्याचंच राहिलं. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन. आजच्या भाषेत ३.५ किलोवॅट. मासळी बाजारात उतरणाऱ्या लाद्या आठवा. शंभर किलोची एक धरली तर रोज नऊ लाद्या त्या खोलीत वितळवायच्या. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांचा हिशोब याच रीतीने होतो. तिथल्या प्रत्येक मेगावॅटला २८४ टन लागतात.

म्हणजे तीन किलोवॅटला एक टन पुरला की! एसीवाल्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

पण गोम ठाण्याच्या हवेत आहे. एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणीही काढतो आणि त्यात त्याची ताकद खर्च होते. मी एसीच्या पाण्याच्या नळीखाली एक लिटरची बाटली लावायला सांगतो. ती तासाभरात भरली तर सुमारे ६८० वॅट नुसते हवा सुकवण्यात गेले. सर्व्हरला त्याचा काडीचा उपयोग नाही. खोली घट्ट बंद असेल तर हवा एकदा सुकली की हा खर्च बराच उतरतो. पण जुलैत दाराखाली बोटभर फट असली की बाटली भरतच राहते. घरगुती एसीचा तीस टक्के भाग यात जाईल असं धरलं, तर एक टनातले उरतात अडीच किलोवॅट. आपल्याला हवेत तीन. शिवाय पश्चिमेची भिंत दुपारभर तापते ती वेगळीच. म्हणून दीड टन.

मग कुणीतरी म्हणतंच, "१६ वर लावू या ना!" गरज नाही. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. थर्मामीटर तिथेच टांगावा, एसीच्या तोंडाशी नाही.

दीड टनाचे दोन एसी घ्या, असं मी म्हटलं तेव्हा संचालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण एक बंद पडला तर? त्या खोलीत जेमतेम ४१ किलो हवा मावते. भिंती आणि लोखंड काहीच शोषत नाहीत असं समजलं, तर तीन किलोवॅटने ती दर १४ सेकंदांना एक अंश तापेल. प्रत्यक्षात वेग कमी असतो, पण चहा पिऊन येईपर्यंत खोलीची भट्टी होते. लाइट जाते तेव्हा नेमकं हेच घडतं: सर्व्हर यूपीएसवर सुखाने चालू, एसी बंद.

हे मी दुसऱ्या एका कार्यालयात भोगलंय. रविवारी लाइट गेली, पाच मिनिटांत परतही आली, पण एसी आपोआप सुरू होणारा नव्हता. रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, साहेब अलिबागला.

पतसंस्थेने अखेर दोन घेतले, वीज आली की आपोआप सुरू होणारे. रिमोट तरीही दाराच्या आत सुतळीने बांधलाय. तो माझा हट्ट.