चित्रपुस्तक आणि ग्राफिक नॉव्हेल: फरक वयाचा नाही, पान उलटण्याचा

चित्रं भरपूर आणि मजकूर कमी दिसला की चित्रपुस्तक आणि ग्राफिक नॉव्हेल (कॉमिक्ससारखी चौकटींतून सांगितलेली लांब गोष्ट) ही दोन्ही एकाच खणात जातात. मग कोणीतरी वयाची पट्टी लावतं: लहानांचं ते चित्रपुस्तक, मोठ्यांची ती ग्राफिक नॉव्हेल. ही पट्टी फारशी उपयोगाची नाही. मुलांसाठी खास काढलेल्या ग्राफिक नॉव्हेल भरपूर आहेत, आणि मृत्यू किंवा युद्ध चित्रपुस्तकांनाही वर्ज्य नाही.

बघायचं ते वेगळंच: गोष्ट पुढे सरकते कशाने?

चित्रपुस्तकात ती पान उलटल्याने सरकते. समोरासमोरची दोन पानं मिळून बहुतेक वेळा एकच प्रसंग असतो आणि ‘पुढे काय’ हे पलीकडच्या पानावर दडवलेलं असतं. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात, कारण छापील कागदाच्या घड्या आठ-सोळाच्या पटीत पडतात. तेवढ्याच उलटण्यांत गोष्ट बसवावी लागते. शिवाय ही पुस्तकं मोठ्याने वाचायची असतात. एक जण शब्द वाचतो, दुसरा चित्रं. चांगले चित्रकार याचा पुरेपूर फायदा घेतात. पॅट हचिन्स यांच्या १९६८ सालच्या ‘रोझीज वॉक’मध्ये कोंबडी फिरून घरी येते, एवढंच मजकूर सांगतो. तिच्या मागावर असलेल्या कोल्ह्याचा शब्दांत कुठेही पत्ता नाही. तो फक्त चित्रांत आहे, आणि ऐकणारं मूल बोट दाखवून ओरडतं तेव्हा वाचणारा मोठा माणूस शब्दांतच अडकलेला असतो.

ग्राफिक नॉव्हेलमध्ये गोष्ट चौकटीचौकटीने चालते. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला चष्मा. तडाखा कुठेच काढलेला नाही. तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत बसतो, वाचणाऱ्याच्या डोक्यात. अरुंद चौकटींची रांग लावली की वेग वाढतो, संवादाच्या फुग्याविना एक रुंद चौकट टाकली की सगळं थबकतं. हे मोठ्याने वाचून दाखवायला गेलात तर तारांबळ उडते: कोणता फुगा कोणाचा, बोट कुठे ठेवायचं! हे एकट्याने, मनातल्या मनात वाचायचं काम.

 

सीमेवरची पुस्तकं मात्र मजेदार आहेत. रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ (१९७८) चित्रपुस्तकांत मोडतं, पण त्यात शब्दच नाहीत आणि पानं छोट्या चौकटींनी भरलेली आहेत. मी ते बेलाशक ग्राफिकच्या बाजूला ठेवीन. उलट, ब्रायन सेल्झनिक यांचं ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे’ पाचशेहून अधिक पानांचं असूनही २००८ साली त्याला चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. अनेकांच्या भुवया उंचावतात, पण निवड बरोबर होती: त्यातली चित्रं चौकटींत कापलेली नाहीत, ती दोन्ही पानं व्यापतात आणि पुढचं दिसायला पान उलटावंच लागतं.